दाजींचा मणका आणि गाडी उचलायचा रॅम्प

गेले पंधरा-वीस दिवस मी इथं काही लिहिलं नाही. फोन आले. एकानं तर सरळ विचारलं, "काय पत्रकार, सेटिंग झाली का?" नाही बाबा, सेटिंग वगैरे काही नाही. मी रॅम्प शोधत होतो. भाषण ठोकायचा रॅम्प नव्हे, मोटारसायकल उचलायचा. आणि त्या शोधात सरकारी योजना, बँक, वेल्डिंगवाला, शहाबादी फरशी आणि माझी सख्खी बहीण, एवढं सगळं भेटलं. म्हणून थोडं लांबण लावून लिहितो. वेळ असेल तर वाचा.

येरमाळ्याच्या अलीकडं एका गावात माझे दाजी टू-व्हीलर मिस्त्री आहेत. गॅरेज म्हणजे घरासमोरचा पत्र्याचा शेड, दहा बाय बारा. एका बाजूला ताईची चूल-जळणाची जागा, दुसऱ्या बाजूला ऑइलचे डबे आणि भिंतीला टांगलेले टायर. सोलापूर-धुळे हायवे जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला तर रात्री बारापर्यंत गाड्या. दाजी तीस वर्षं हेच काम करतात. बसायला चार बोटं उंचीचा लाकडी पाट, खाली गोणपाट. उकिडवं बसायचं, मान तिरकी करायची, एका हातात टी-पाना आणि दुसऱ्या हातात जुनी चिंधी. 1994 साली स्प्लेंडर बाजारात आली, त्याच्या आगेमागे दाजी या धंद्यात आले. म्हणजे एका गाडीचं आणि एका माणसाच्या कंबरेचं आयुष्य बरोबरीनं चाललेलं.

मागच्या दिवाळीत ते पाटावरून उठले आणि अर्ध्यातच थांबले. वरही जाता येईना, खालीही बसता येईना. भाच्यानं काखेत हात घालून उचललं. डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि सांगितलं, मणक्यात गॅप पडलाय, नस दबतीय, वाकून काम बंद करा. आता मला सांगा, टू-व्हीलर मिस्त्रीला वाकून काम बंद करा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला रानात जाऊ नका म्हणणं. दोन महिने ते घरात पडून राहिले. गॅरेजला कुलूप नव्हतं, कारण शेडला दारच नाही. गाड्या यायच्या, हॉर्न वाजवायच्या, निघून जायच्या.

तेव्हा मी म्हणालो, "दाजी, तुम्ही गाडीपाशी वाकण्यापेक्षा गाडीच तुमच्यापाशी वर आणू." शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला तुम्ही बघितलं असेल. गाडी एका लोखंडी पाटावर चढवतात, पाट वर जातो, मिस्त्री उभ्यानं काम करतो. त्याला ते लोक रॅम्प म्हणतात, कोणी लिफ्ट म्हणतात. दाजी हसले. "पाहुणं, ते शोरूमवाल्याचं काम हाय. आपल्या पत्र्याखाली कुठं बसवायलाव?"

दाजी म्हणाले म्हणून मी टेप घेऊन मोजायलाच बसलो. स्प्लेंडरची लांबी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. रॅम्पचा पाट साधारण सात फूट लांब, दोन-सव्वादोन फूट रुंद, वर गाडी चढवायची उतरती पट्टी वेगळी. दोन्ही बाजूंनी माणूस फिरायला अडीच-अडीच फूट पाहिजेच, नाहीतर गाडी वर गेली तरी तुम्ही भिंतीला चिकटून काम करणार. बारा फुटाच्या शेडमध्ये लांबीत बसतं, पण गाडी आत आणायला तोंड रस्त्याकडं पाहिजे. आमच्याकडं टायरची भिंत आडवी यायची. ती हलवली. उंची: पाट वर जातो अडीच फूट, गाडी साडेतीन फूट. सहा फूट झाले. पत्रा उताराच्या बाजूला आठ फुटांवर. बसतं. पण ज्यांच्या शेडमध्ये पंखा खाली लोंबतोय त्यांनी आधी पंखा बघा.

आता प्रकार. हे मी तपशिलात सांगतो, कारण हे मला कोणी नीट सांगितलं नाही आणि प्रत्येक दुकानदार आपलाच माल चांगला म्हणत होता.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ओटा. विटांचा दीड फूट उंच ओटा, एका बाजूला उतार, वर कोबा. आपल्याकडं बऱ्याच जुन्या मिस्त्र्यांकडं आहे. लाईट लागत नाही, ऑइल गळत नाही, मोडत नाही. पण 112 किलोची गाडी रोज दहा वेळा उतारावरून ढकलत वर न्यायची, ती पण मणक्यात गॅप पडलेल्या माणसानं? शिवाय उंची एकच. चेन-स्पॉकेटला बरोबर, हँडलच्या कामाला जास्त. आणि ओटा एकदा बांधला की तो तिथंच. ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या अंगणात थडगं बांधायचं नाही.

दुसरा, इंजिनाखाली घालायचा कात्रीसारखा जॅक. ऑनलाईन फार दिसतो, स्वस्त असतो. व्हिडिओत परदेशातल्या मोठ्या गाड्या त्यावर मजेत उभ्या असतात. त्या गाड्यांना खालून चौकटीचे सरळ पाईप असतात. आपल्या गाड्यांना कुणाचा सायलेन्सर खालून गेलेला, कुणाचं इंजिनच सगळ्यात खाली. जॅक लावायचा कुठं? ॲक्टिव्हाला तर खाली धड जागाच नाही. आणि आता इलेक्ट्रिक स्कूटर यायला लागल्यात, त्यांच्या पायदानाखाली बॅटरी असते. तिथं जॅक लावणं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीची सगळ्यात महागडी वस्तू दाबून बघणं. हा प्रकार आम्ही सोडला. पॅडॉक स्टँड म्हणतात तोही सोडला. तो मागचं चाक चार बोटं उचलतो, आणि तेवढं काम आपला डबल स्टँड करतोच की.

तिसरा, हवेवर चालणारा. त्याला कॉम्प्रेसर दणकट पाहिजे. दाजींचा कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरतानाच धापा टाकतो.

चौथा, मोटरवर चालणारा हायड्रोलिक. बटण दाबलं की वर. भाचा त्याच्या प्रेमात पडला होता. पण आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब लागत नाही. गाडी अर्ध्यात असताना लाईट गेली तर? दुकानदार म्हणाला, खाली आणायला लाईट लागत नाही, व्हॉल्व्ह सोडला की येते. बरोबर आहे. पण वर न्यायला लागते. चार गिऱ्हाईकं उभी असताना 'लाईट येऊ द्या' म्हणायचं, हे दाजींना पटलं नाही.

राहिला पाचवा, पायानं पंप मारायचा हायड्रोलिक. छोट्या पिस्टननं ऑइल ढकलायचं, मोठ्या सिलिंडरनं वजन उचलायचं. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता, तो हाच. वीस-पंचवीस वेळा पाय मारला की गाडी कंबरेला येते. लाईट नको, आवाज नको. 500 किलोचा मिळतो. बुलेट दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे तीही आरामात.

सोलापूरला जाऊन आम्ही भाव काढले. पायपंपाचा 26 हजार सांगितला, मोटरवाला 42 हजार. टेम्पोभाडं वेगळं.

इथं आमचा गावातला वेल्डिंगवाला मधे पडला. चांगला माणूस, ट्रॉल्या फार सुंदर बनवतो. म्हणाला, "कशाला ओ सोलापूर? चॅनल आणतो, अँगल आणतो, चेकर प्लेट टाकतो, खाली दोन टनाचा बॉटल जॅक लावतो. गाडी शंभर किलोची, जॅक दोन टनाचा. चौदा हजारात करून देतो." हिशोब ऐकायला एकदम बरोबर वाटतो ना? मलाही वाटला.

पण मी मागं एकदा हायवेवरच्या एका गॅरेजात असाच घरी बनवलेला रॅम्प बसताना बघितलाय. बसताना म्हणजे खाली बसताना. कोणी व्हॉल्व्ह सोडला नव्हता. जॅकचं सील गळत होतं. पाट हळूहळू, कोणाला कळणार नाही असा, तिरका होत खाली आला आणि शेवटच्या वीतभर एकदम पडला. काम करणारा पोरगा पंधरा-सोळाचा. त्याच्या पायाचं बोट अडकलं. बातमी मी केली नाही. मालक म्हणाला, घरचंच पोरगं आहे. घरचं नव्हतं. पोरगा त्या वयात कामावर कसा, हे विचारायला पाहिजे होतं. ते मी तेव्हा विचारलं नाही आणि हे मला अजून टोचतं.

म्हणून या वेळेस एका इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या मित्राला वेल्डिंगवाल्याचा हिशोब सांगितला. तो म्हणाला, तुझा जॅक सरळ वर ढकलत असता तर दोन टन भरपूर होते. पण रॅम्पचे हात जमिनीला जवळजवळ आडवे पडलेले असतात. आडव्या हाताला वर उचलायला सुरुवातीला वजनाच्या कितीतरी पट जोर लागतो. हात उभे होत जातात तसा जोर कमी होतो. म्हणजे रॅम्पची खरी परीक्षा वर नाही, पहिल्या चार बोटांत असते. दुसरं, साधा बॉटल जॅक उभाच चालतो, त्याला आडवा-तिरका टाकला की पंप ऑइल ओढेलच याची खात्री नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: कुठल्याही सीलवर विश्वास ठेवून त्याखाली हात घालायचा नाही. पाट वर गेला की त्याला लोखंडी दाते किंवा आडवी खीळ पाहिजे. ऑइल सगळं गळून गेलं तरी पाट त्या खिळीवर उभा राहिला पाहिजे. मी दुकानदाराला 'लॉक आहे का' विचारलं होतं. 'किती उंचीवर लागतं आणि मी आत्ता ऑइल सोडलं तर काय होईल' हे विचारलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला विचारलं. करून दाखवायला लावलं. एका दुकानदारानं टाळाटाळ केली, त्याच्याकडं घेतलं नाही.

1948 च्या कारखाने कायद्यात उचलायच्या यंत्रांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी करून घ्यायचं कलम होतं. 29 वं. चांगलंच होतं. पण ठरावीक संख्येनं कामगार असल्याशिवाय कारखाना होत नाही. दाजींकडं कामगार एक, तेही स्वतः. त्यांच्या मणक्याला कुठलंच कलम लागत नाही.

माथाडींसाठी महाराष्ट्रानं 1969 साली कायदा केला, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. बांधकाम मजुरांना मंडळ आहे. टू-व्हीलर मिस्त्री मात्र कुठंच नाही. ई-श्रमचं कार्ड आहे दाजींकडं, लॅमिनेशन करून ठेवलंय. त्याच्या पुढं काय, ते त्यांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नाही.

मग पैसे. भाच्यानं मोबाईलवर पीएम विश्वकर्मा योजना काढली. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. हत्यारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखापर्यंत कर्ज. बघता बघता तो हरखून गेला. मग आम्ही यादी वाचली. अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, सोनार, कुलूप दुरुस्त करणारा, होडी बनवणारा, मासे धरायचं जाळं विणणारा. कुलूप दुरुस्त करणारा आहे, मोटारसायकल दुरुस्त करणारा नाही. योजना पारंपरिक कारागिरांची आहे, बाप-आजापासून चालत आलेल्या धंद्यांची, हे मला समजतं. त्यांना मिळालंच पाहिजे. पण तीस वर्षं हातानं काम करून दोन पोरं या धंद्यात शिकवून तयार केली तरी परंपरा होत नसेल, तर ती किती वर्षांनी होते?

ज्यानं फॉर्म भरायला बसवलं होतं, तो म्हणाला, "लोहार म्हणून टाकू का? पाना-हातोडा तर हाय तुमच्या हातात." दाजी लगेच उठले. कंबर दुखत असताना इतक्या झटक्यात उठलेले मी त्यांना पाहिले नव्हते. "गावात खरे लोहार दोन घरं हायती. त्यांच्या ताटातलं घेऊन मी काय करू?" विषय संपला.

मुद्रा बघितलं. 2015 पासूनची योजना, शिशू गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज. आम्हाला तेवढंही नको होतं. उद्यम नोंदणी केली, ती फुकट असते हे लक्षात ठेवा, आमच्याकडून तिचे तीनशे मागितले होते, मी पत्रकार आहे कळल्यावर घेतले नाहीत. (जो पत्रकाराचा मेव्हणा नाही त्याच्याकडून घेतात, हा त्याचा सरळ अर्थ.) एका शाखेत गेलो. साहेब सभ्य होते. म्हणाले, कोटेशन आणा, जीएसटीचं बिल असलेल्या दुकानाचं. आणलं. मग म्हणाले, घरगुती जागेत धंदा आहे, ग्रामपंचायतीचं पत्र आणा. आणलं. मग मागच्या कर्जाचा रेकॉर्ड बघितला. पाच-सहा वर्षांपूर्वी दाजींनी भावाच्या ट्रॅक्टरला जामीन म्हणून सही केली होती. दोन वर्षं पाऊस नव्हता, हप्ते थकले होते. "बघतो, कळवतो." आजपर्यंत कळवणं चालू आहे.

यात गंमत बघा. वेल्डिंगवाल्याकडून चौदा हजारात घेतलं तर बिल नाही, बिल नाही तर कर्ज नाही. कर्ज पाहिजे तर सोलापूरचं बिल पाहिजे, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानं महागाचंच घ्यायचं, तेही बँकेनं 'कळवलं' तर. 2018 पासून आपला जिल्हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा आमची 26 हजारांची होती.

पैसे शेवटी कुठून आले? ताईच्या बचतगटातून. ती आठ वर्षं गटात आहे, गटाची सचिव होती, एक हप्ता कधी चुकवला नाही. आम्ही तीन पुरुष दीड महिना फायली घेऊन हिंडत होतो आणि ती गप्प बघत होती. एका मीटिंगला गेली, वीस हजार मंजूर करून आली. उरलेले मी दिले, उसने. तिनं ते वहीत लिहून ठेवले, 'दादा - उसने' असं. मी म्हणालो, लिहू नको गं. म्हणाली, "लिहिलं नाही तर तू विसरशील न् मी पण विसरीन, मग नातं खराब होतं."

रॅम्प आणायच्या आधी एक खर्च निघाला, तो कोणी सांगितला नव्हता. शेडमध्ये शहाबादी फरशी होती. खाली आमची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फरशी आधीच दोन ठिकाणी बसलेली. रॅम्पचं स्वतःचं वजन, वर गाडी, आणि सगळा भार चार छोट्या पायांवर. फरशी फुटणार, आणि एक पाय जरी खचला तरी वर गेलेली गाडी कलणार. म्हणून फरशी काढली, मुरूम टाकून धुम्मस केली, चार इंच कोबा केला. गवंड्यानं सांगितलं, आठ दिवस पाणी मारा, त्याच्या आधी वजन ठेवायचं नाही. रॅम्प टेम्पोतून आला चौथ्या दिवशी. चार दिवस तो अंगणात ताडपत्रीखाली, आणि गावातली पोरं येऊन बघून जायची. एकानं विचारलं, "झेरॉक्स मशीन हाय का?"

चढवायचं शिकायला दोन दिवस गेले. गाडी चालू करून पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबत-सोडत, बाजूनं चालत चढवायची, ढकलायची नाही. पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं, गाडी डबल स्टँडवर घ्यायची, मग दोन पट्टे दोन्हीकडून ओढून बांधायचे. पट्टे दुकानदारानं दिले नव्हते, वेगळे घेतले. हे पट्टे कोणी विसरू नका. पुढचं चाक काढायचं असलं की शिकंजा धरणार कशाला? आणि चाक निघालं की गाडीचा तोल मागं जातो. जमिनीवर गाडी कलंडली तर आरसा फुटतो. अडीच फुटावरून कलंडली तर माणूस सापडतो. भाच्याला मी हे तीनदा सांगितलं, दाजींनी पाचदा.

पहिली गाडी माझीच वर गेली. 2020 नंतरची, कार्बोरेटर नसलेली. दाजी तिला अजून परकीच मानतात. अठ्ठावीस वेळा पाय मारला, पाट वर आला, दात्यात खीळ बसली. टक् असा आवाज. दाजींनी व्हॉल्व्ह मुद्दाम सोडून बघितला. पाट जागचा हलला नाही. मग ते चेनजवळ आले आणि सवयीनं खाली बसायला गेले. गुडघे वाकले, हात पाट शोधायला मागं गेला. ताई हसायला लागली. "अवो, वर हाय ती."

काल फोन केला होता. आता दिवसाला पाच-सहा गाड्या होतात. पूर्वी दहा व्हायच्या, पण तेव्हा रात्री झोप लागायची नाही. कंबर कशी आहे विचारलं. "कंबर बरी हाय," म्हणाले. "पण पाहुणं, तीस वर्षं बसून काम केलं, आता दिवसभर उभं राहून पाय दुखाय लागलेत. याला काय मशीन मिळतंय का सोलापूरला?"